हायड्राने उतरवली, वळवाने उचलली

कर्जतपासून थोडं आत, डोंगराच्या उतारावर माझ्या मावसभावाचं छोटं फार्महाऊस आहे. पोहण्याच्या तलावासाठी फायबरची निळी टाकी ट्रेलरवर बसून तिथे आली, तेव्हा तिला खड्ड्यात उतरवायला हायड्रा क्रेन लागली होती. चार पट्टे, सहा माणसं आणि त्या सगळ्यांवर ओरडणारा एक सुपरवायझर. दोन-तीन दिवसांनी कंत्राटदाराची माणसं ‘दुसऱ्या साइटवर जाऊन येतो’ म्हणून गेली, ती गेलीच. फोन आधी उचलेनात, मग लागेना. मागे राहिली ती खड्ड्यातली टाकी, कडेला खडीचा ढीग, खोक्यातला पंप, फिल्टरचं पिंप आणि पाइपांचे तुकडे.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री तासभर वळीव कोसळला. सकाळी राखणदार काकांचा फोन आला, “शेठ, तुमची टाकी उठून बसलीय.”

टाकी खरोखरच वीतभर वर आली होती. एका बाजूला थोडी जास्तच, त्यामुळे तिरकी. जी उतरवायला क्रेन लागली ती वर कुणी उचलली? भावाने मला विचारलं ते जरा वैतागूनच, कारण टाकीत पाणी भरायच्या आधीच ती पाण्याने बिघडवली होती. त्या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट समजलं, की अर्धवट राहिलेलं काम कुठून आणि कोणत्या क्रमाने हाती घ्यायचं तेही समजतं. म्हणून आधी तेच पाहू.

पाठीवरचा भोपळा

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाठीला बांधलेला सुका भोपळा आठवत असेल, नाहीतर पत्र्याचा बंद डबा. भोपळा पोकळ असतो. त्याला पाण्याखाली दाबायला गेलं की जितकं पाणी तो बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर त्याला वर ढकलतो. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत लिहून काढलेला असतो. पण जमिनीतल्या खड्ड्यात ठेवलेली रिकामी टाकी हाही एक भोपळाच आहे, हे चटकन ध्यानात येत नाही, कारण खड्डा कोरडा दिसतो.

आता हिशेब करू. ८ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद अशी मध्यम टाकी धरा. तळाचं क्षेत्रफळ झालं २८ चौरस मीटर. खरा तळ उताराचा असतो, पण समजण्यापुरता तो सपाट मानू. बाहेर, टाकी आणि खड्ड्याची भिंत यांच्यामधल्या फटीत पाणी साचून तळाच्या वर एक सेंटिमीटर चढलं, की वर ढकलणारा जोर होतो २८० किलो. एवढ्या टाकीचं स्वतःचं वजन साधारण एक टन. म्हणजे बाहेर चार सेंटिमीटर, दोनच बोटं पाणी चढलं, की रिकामी टाकी जमीन सोडायला मोकळी.

फटीत पाणी एकूण किती लिटर आहे याला इथे महत्त्व नाही. ते किती उंच उभं आहे याला आहे. टाकीभोवतीची फट फूटभर रुंद असेल आणि तळाची खडी आधीच भिजून भरलेली असेल, तर ही दोन बोटं उंची गाठायला जेमतेम दीड पिंप पाणी पुरतं. दीड पिंप पाणी एक टन उचलतं हे ऐकायला खोटं वाटतं, पण बंदरातल्या चिंचोळ्या गोदीत उभं असलेलं जहाज याच हिशेबाने तरंगतं.

भावाच्या टाकीत पावसाचं तीन बोटं पाणी साचलं होतं, तेवढं तिचं वजन वाढलं. पण डोंगरावरून आलेलं पाणी खड्ड्यात फूटभर चढलं होतं. तेव्हा टाकी तिच्या वजनापुरती पाण्यात बुडाली आणि उरलेली वीतभर वर राहिली. होडीसारखी.

यातून जो उलटा विचार निघतो, तो या कामात कायम मनात ठेवायचा. आपण समजतो की टाकी पाण्याला धरून ठेवते. खरं तर आतलं पाणीच टाकीला धरून ठेवतं. आत फूटभर पाणी असतं, तर त्याचं वजन आठ टनांवर गेलं असतं आणि बाहेर फूटभराहून थोडं जास्त पाणी चढेपर्यंत टाकी हलली नसती. उतरवल्या दिवशीच तिच्यात फूटभर पाणी सोडून ठेवायला हवं होतं. टँकरचे पैसे वाचले आणि हायड्राचे दुसऱ्यांदा गेले.

आधी फोटो, मग फावडं

अर्धवट सोडलेल्या कामाला हात लावण्याआधी त्याचा पंचनामा करून ठेवावा. तारखेसकट फोटो, खड्ड्याची मापं, पडलेल्या सामानाची यादी, टाकीच्या काठावर कोरलेला किंवा चिकटवलेला अनुक्रमांक. टाकी बनवणारा कारखाना आणि ती बसवणारा कंत्राटदार बहुतेक वेळा वेगळे असतात, हमीही वेगवेगळी असते. कारखान्याला थेट फोन करून त्या मॉडेलचा बसवण्याचा नकाशा मागावा. आपण पुढचं काम त्यांच्या सूचनांबाहेर जाऊन केलं, तर टाकीवरची हमीही हातची जायची.

पैसे घेऊन काम सोडणं ही ग्राहक कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. लेखी नोटीस आधी पाठवावी. पण नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत खड्डा उघडा ठेवू नये. जून कुणासाठी थांबत नाही.

माझं एक निरीक्षण सांगतो. ही माणसं अशा कामातून नेमकी टाकी खड्ड्यात बसल्यावर निघून जातात. कारण तोवर मालकाच्या डोळ्यांना काम ‘झाल्यासारखं’ दिसतं आणि पैशाचा मोठा हप्ता हातात आलेला असतो. उरलेलं काम जमिनीखाली गाडलं जाणारं, घामाचं आणि फारसं न दिसणारं. तलावाचं आयुष्य मात्र त्यावरच ठरतं.

खड्डा की दगडाची डोण?

तिरकी टाकी वरून दाबून परत बसवता येत नाही. ती वर आली तेव्हा तिच्याखाली पाण्याबरोबर गाळ शिरला आणि सपाट केलेला थर उधळला गेला. त्यामुळे पहिलं काम म्हणजे मडपंप लावून खड्डा उपसणं, हायड्रा बोलावून टाकी बाहेर घेणं, गाळ काढणं आणि तळ नव्याने सपाट करणं. याला पर्याय नाही. कारण तळाखाली एके ठिकाणी जरी लिंबाएवढा दगड राहिला, तरी वरच्या ३९ टन पाण्याचं ओझं तिथे टेकतं आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा फुटतात.

तळाचा थर बारीक खडीचा, चार ते सहा इंच. तो सपाट करायची गवंड्यांची जुनी रीत आहे: दोन लोखंडी पाइप समांतर ठेवून त्यांची पातळी साधायची आणि त्यांवरून सरळ पट्टी ओढायची. पातळी पाहायला छोट्या पाणसळीवर विसंबू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना धरलं की आठ मीटरच्या अंतरातला फरकही स्पष्ट दिसतो. काठ एका टोकाला इंचभर खाली राहिला, तर ती चूक कायमची उघड्यावर पडते, कारण पाणी आपली पातळी सोडत नाही. निळ्या काठावर पाण्याची रेघ तिरकी दिसते आणि प्रत्येक पाहुणा ती तुम्हाला दाखवतो.

टाकी बाहेर आहे तोवर दुसरा, त्याहून मोठा प्रश्न सोडवून घ्यायचा. खड्ड्यात येणारं पाणी जाणार कुठे?

सह्याद्रीच्या पायथ्याला बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फूट माती-मुरूम आणि खाली काळा कातळ. ब्रेकर लावून कातळात खणलेला खड्डा म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी डोणच. आत आलेलं पाणी झिरपून जात नाही. दक्षिण कोकणातल्या जांभ्यातून पाणी वाहून जातं, पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच वर चढलेलं असतं, मग ते खड्ड्यात शिरतं. देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा तिसरी: ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि दोन्ही वेळा भिंतींना छळते. तिला टाकीपासून दूर ठेवून मधे खडी भरणं हाच उपाय.

जमीन उताराची असेल तर नशीब. खड्ड्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यातून भोकांचा पाइप काढून तो उतारावर खालच्या बांधाला उघडा सोडायचा. मग डोणीला बूच काढल्यासारखं होतं, वीज नको की पंप नको. भावाच्या जमिनीला असा उतार होता. कंत्राटदाराने तो पाइप घातला नव्हता, कारण तो पाइप कुणालाही दिसत नाही.

उतार नसेल तर दुसरी सोय. खोल टोकाच्या बाहेर सहा-आठ इंची जाड पाइप उभा गाडायचा, खालच्या भागाला भोकं पाडलेला, भोवती खडी. वरून झाकण. ही एक छोटी विहीरच. झाकण उघडून काठी घातली की जमिनीतलं पाणी कुठवर आलंय ते कळतं, आणि गरज पडली तर आत छोटा सबमर्सिबल सोडून उपसता येतं.

आत वीतभर, बाहेर वीतभर

टाकी पुन्हा बसली की भोवतीची फट भरायची. इथे घाई केली तर भिंती वाकतात आणि एकदा वाकल्या की त्या तशाच राहतात.

फायबरची टाकी म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना चिकटवणारं रेझिन. जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. काटक्यांनी ताण सोसायचा आणि शेणमातीने त्यांना जागच्या जागी धरायचं. तसंच इथे. काचेचे धागे ताण सोसतात, रेझिन त्यांना आकारात बांधतं आणि आतल्या बाजूला जेलकोट नावाचा चकचकीत रंगीत थर असतो, मिलिमीटरभरही जाड नसलेला. अशी भिंत चिवट असते, पण ताठ नसते. ती लवते.

आणि तिच्यावर येणारा जोर कमी नसतो. पाणी १.४ मीटर खोल असेल, तर ८ मीटर लांबीच्या एका भिंतीवर आतून जवळपास ८ टनांचा जोर येतो. बाहेर काहीच नसेल तर ती भिंत पोटासारखी फुगेल. उलट आत पाणी नसताना बाहेरून खडी ओतली तर ती आत दबेल. म्हणून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर चढायचं: आत वीतभर पाणी, बाहेर वीतभर खडी, पुन्हा आत वीतभर पाणी. दोन्हींत फूटभराहून जास्त फरक पडू द्यायचा नाही. लांब भिंतीच्या मध्यावर काठापासून काठापर्यंत सुतळी ताणून दर थराला रुंदी मोजायची. बाहेर फुगायला लागली तर पाणी थांबवून खडी वाढवायची, आत यायला लागली तर खडी थांबवून पाणी. कंटाळवाणं काम आहे. आम्हाला तीन दिवस लागले, त्यातला एक दिवस टँकरची वाट पाहण्यात गेला.

भरायला काय वापरायचं यावर मिस्त्री लोकांत मतं आहेत. खणून निघालेली माती परत ढकलून द्यावी हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. ती वर्षभर बसत राहते, पाणी धरून ठेवते आणि वरची फरशी खचवते. ऑस्ट्रेलियात वाळूत थोडं सिमेंट कालवून भरायची रीत आहे आणि तिथे ती टिकते. आपल्याकडच्या पावसात मी धुतलेल्या खडीच्या बाजूने आहे, दहा-वीस मिलिमीटरची. खडी ओतली की जवळपास लगेचच बसते, धुमस मारावी लागत नाही. दगडांमध्ये मोकळी जागा राहते आणि पाणी तिच्यातून सरळ खालच्या पाइपाकडे जातं. मात्र मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइलचं कापड लावायचं, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती खडीत शिरते.

पायऱ्या आणि बसायचे कट्टे यांच्याखाली खडी आपोआप पोहोचत नाही. तिथे हाताने आणि काठीने कोंबावी लागते. झालं की वरून टिचकी मारून पाहायचं, कलिंगड पाहतो तसं. भद्द आवाज आला तर भरलंय. पोकळ आवाज आला तर पुन्हा हात घाला, कारण त्याच पायरीवर उद्या पाच जण उभे राहणार आहेत.

चौकट: पहिला टँकर सांगण्याआधी

वरच्या मापाच्या टाकीत सुमारे ३९,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे १० हजारांचे चार टँकर. ते एकाच दिवशी बोलावू नका, खडीच्या वेगाने बोलवा.
काठाची पातळी चारही कोपऱ्यांत आणि लांब भिंतींच्या मध्यावर पाहिली का?
तळाचा निचरा पाइप किंवा उभा पाइप जागेवर आहे का? बादलीभर पाणी ओतून ते खालच्या तोंडातून बाहेर येतंय का?
टाकीला भोकं कुठे पाडायची ते खुणा करून ठरलं का?
पाणी बोअरचं असेल तर बाटलीभर घेऊन तपासलं का?

भोकं आणि पाइप

पाणी त्या त्या भोकाच्या उंचीला पोहोचण्याआधी टाकीत भोकं पाडून फिटिंग बसवायची असतात. पृष्ठभागावरची पानं-तेलकटपणा ओढून घेणारं तोंड म्हणजे स्किमर, आणि गाळलेलं पाणी परत सोडणारी तोंडं म्हणजे इनलेट. इनलेट स्किमरच्या समोरच्या बाजूला, किंचित तिरके ठेवायचे, म्हणजे पाणी गोल फिरत कचरा स्किमरकडे नेतं. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर वाऱ्याने आंब्याची सगळी पानं स्किमरच्या विरुद्ध कोपऱ्यात जमवली. स्किमर वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात ईशान्येकडच्या बाजूला हवा होता, हे तेव्हा कळलं.

खडीत पाइप गाडण्याआधी त्यांची प्रेशर टेस्ट करायची. दोन्ही तोंडं बंद करून पाण्याचा दाब दोन किलोपर्यंत चढवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा खाली आला असेल तर गळती आता शोधा. फरशी लागल्यावर तीच गळती दहापट महाग पडते. नंतर पंपाच्या पारदर्शक झाकणात सतत बुडबुडे दिसले, तर हवा ओढणाऱ्या बाजूने शिरतेय असं समजावं. ढकलणाऱ्या बाजूने गळलं तर जमीन ओली होते, ओढणाऱ्या बाजूने गळलं तर बुडबुडे येतात.

तळाला भोक पाडून ‘मेन ड्रेन’ करू का, असं प्लंबर विचारेल. फायबरच्या बऱ्याच टाक्या तळाला भोक न ठेवताच बनवलेल्या असतात, आणि ते तसंच राहू द्यावं. त्यामागे एक दुःखद गोष्ट आहे. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी, माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात, एका हॉट टबच्या तळातल्या जाळीला ओढली जाऊन बुडाली. मोठ्या माणसांनाही तिला चटकन सोडवता आलं नाही. कारण साधं गणित आहे. २० सेंटिमीटर चौरस जाळी अंगाने पूर्ण झाकली गेली आणि पंपाने आतला दाब अर्ध्या वातावरणाएवढा जरी कमी केला, तरी शरीर २०० किलोच्या जोराने तिथे चिकटतं. तिच्या नावाचा कायदा डिसेंबर २००७मध्ये झाला आणि वर्षभराने अमेरिकेतल्या सार्वजनिक तलावांना खास आकाराची झाकणं बंधनकारक झाली. तुमच्या टाकीला तळाला तोंड आधीच असेल, तर ती दोन हवीत, एकमेकांपासून किमान तीन फुटांवर, फुगीर झाकणांसह. म्हणजे एक झाकलं गेलं तरी ओढ दुसऱ्याकडे वळते.

विजेची उंची

या भागात स्वतः हात घालू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा. पण तो काय करतोय हे कळायला हवं, कारण फार्महाऊसवर पंपाला ‘तात्पुरती’ जोडलेली वायर पाच-पाच वर्षं तशीच असते.

वीज पाण्यासारखी असते, दोन ठिकाणांच्या उंचीत फरक असला तरच वाहते. ओल्या अंगाने एक हात स्टीलच्या शिडीला आणि पाय ओल्या फरशीवर, आणि या दोघांत काही कारणाने ‘उंचीचा’ फरक असेल, तर ती वाट आपल्या शरीरातून जाते. म्हणून शिडी, पंपाची बॉडी, काठाच्या काँक्रीटमधली सळई, धातूचं जे काही आसपास आहे ते सगळं एकाच तांब्याच्या तारेने जोडून अर्थिंगला न्यायचं. सगळेच एका पातळीवर आले की वाहायला कारण उरत नाही.

दुसरी राखण म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सहलीला नेलेली मुलं बसमध्ये चढताना मोजणाऱ्या बाईंसारखं त्याचं काम आहे. जितकी वीज गेली तितकीच परत आली का, हे तो सतत मोजतो. थोडी जरी कमी परतली, म्हणजे कुठेतरी, कदाचित माणसातून, जमिनीत गेली, की तो डोळ्याचं पातं लवतंय तोवर पुरवठा तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरचे. कमी पैशांत २३० व्होल्टचे देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवावं.

काठाची पट्टी

टाकी पूर्ण भरल्यानंतरच काठाभोवती सळई बांधून फूटभर रुंद काँक्रीटची पट्टी ओतायची. आधी ओतली तर पाणी भरताना भिंत जी लवायची ती पट्टीत अडकून तडकते. सात दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. फरशीचा उतार टाकीपासून बाहेर हवा, म्हणजे अंगणातला चिखल पोहायला येत नाही. पट्टी आणि फरशी यांच्यात बोटभर सांधा सोडून तो लवचीक सीलंटने भरायचा, दोघांची उन्हात फुगण्याची चाल वेगळी असते. दगड निवडताना एवढंच: काळा कडप्पा एप्रिलच्या दुपारी तव्यासारखा तापतो आणि गुळगुळीत कोटा ओला झाला की पाय टिकू देत नाही.

पाण्याची तब्येत

कंत्राटदाराच्या मागे राहिलेलं ते पिंप म्हणजे वाळूचा फिल्टर. वाळूच्या कणांमधल्या फटींपेक्षा बारीक मळही तो अडवतो. चहाची गाळणी एकाच जाळीवर काम भागवते. इथे पाण्याला हातभर जाडीच्या थरातून वळणं घेत जावं लागतं आणि प्रत्येक वळणावर मळ कणांना चिकटतो. थोडा मळलेला फिल्टर म्हणूनच नव्यापेक्षा चांगलं गाळतो. दाबाचा काटा नेहमीपेक्षा अर्धा किलो वर गेला की पाणी उलटं सोडून तो धुवायचा, म्हणजे बॅकवॉश. एकच पथ्य: पंप चालू असताना वरचा दांडा फिरवायचा नाही, आतलं रबर फाटतं. पंप ताशी साडेसहा हजार लिटर ओढत असेल, तर ३९ हजार लिटर सहा तासांत एकदा गाळून निघतात.

क्लोरीनबद्दल एक गोष्ट माहीत असली की पैसे वाचतात. पाण्यात विरघळलेलं क्लोरीन दोन रूपांत असतं. एक जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल, दुसरं त्याचंच आळशी रूप. कोण किती, हे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणावर, म्हणजे पीएचवर ठरतं. पीएच साडेसात असेल तर दोन्ही निम्मे-निम्मे. आठ झाला की कामाचं रूप चौथ्या हिश्श्यावर येतं. बोअरचं पाणी बहुधा अल्कलीकडे झुकलेलं असतं. त्यामुळे पाणी हिरवट होतं, माणूस ब्लीचिंग पावडर वाढवतो आणि तरी हिरवटच राहतं. आधी पीएच ७.२ ते ७.६च्या दरम्यान आणा, मग क्लोरीन मोजा. दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एक पीपीएम, क्लोरीन आणायला एवढ्या पाण्यात ३९ ग्रॅम क्लोरीन लागतं. साध्या ब्लीचिंग पावडरीत साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असतं, तेव्हा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पाण्यात एक ते तीन पीपीएम टिकलं पाहिजे. कडक उन्हात ते काही तासांत उडून जातं, म्हणून सायान्युरिक आम्ल नावाचं छत्रीसारखं रसायन ३० ते ५० पीपीएम घालतात.

पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी ओतायची. कोरडी टाकली तर ती तळाला बसते आणि निळ्या जेलकोटवर पांढरे डाग कायमचे उठतात. आम्ल आणि क्लोरीन एकाच बादलीत कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आणि जांभ्याच्या पट्ट्यातलं लोहाचं पाणी असेल तर क्लोरीन टाकताच ते चहाच्या रंगाचं होतं. लोह आधी काढायचं.

आता टाकी रिकामी करायची वेळ येऊ द्यायची नाही. साफसफाईसाठी ‘एकदा पूर्ण उपसून घेऊ’ असं कुणीतरी दरवर्षी सुचवतं, बहुधा ऑगस्टमध्ये. भावाने पंपघराच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय: पाणी काढायचं नाही.

बादलीची परीक्षा

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस एक-दोन दिवस थांबला तेव्हा शेवटची तपासणी केली. टाकीतलं पाणी रोज थोडं उतरत होतं आणि भावाचा जीव खालीवर होत होता. गळती की बाष्प? यासाठी पाण्याने भरलेली बादली टाकीच्या दुसऱ्या पायरीवर ठेवायची, तळाशी वीट, जेणेकरून ती हलणार नाही. बादलीतली आणि टाकीतली पाण्याची रेघ पेन्सिलीने खूण करायची. ऊन-वारा दोघांना सारखाच लागतो, तेव्हा बाष्प होऊन जाणारं पाणी दोन्हीकडे सारखंच उतरणार. टाकी जास्त उतरली तर ती गळतेय. पंप चालू ठेवून एक दिवस, बंद ठेवून एक दिवस. फक्त चालू असताना जास्त उतरत असेल, तर दोष पाइपांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदार काका पट्टी घेऊन वाकून बसले होते. बादली पाच मिलिमीटर उतरली होती. टाकीही पाचच.

“शेठ,” ते म्हणाले, “बसली एकदाची.” खालच्या बांधाला काढलेल्या पाइपाच्या तोंडातून बोटभर जाडीची धार पडत होती.